सिमला ऑफिस : वेधशाळेला अजून किती हसायचं?

चौकातला : काल पुण्यात बसमध्ये कंडक्टरने 'सिमला ऑफिऽस' अशी हाळी दिली, तर मागच्या सीटवरच्या पोरीने आईला विचारलं, "इथे कुठलं शिमला?" आईला सांगता येईना. म्हणून हा धागा.

हवामान खातं १८७५ सालचं. मुख्यालय आधी कलकत्त्यात, १९०५ ला शिमल्यात, १९२८ ला पुण्यात, शिवाजीनगरला. १९४४ ला तेही दिल्लीला गेलं. मागे राहिली घड्याळाच्या मनोऱ्याची दगडी इमारत, चौकाचं नाव आणि मोसमी पावसाचा दीर्घ पल्ल्याचा अंदाज बांधायचं काम. आणि आपण पुणेकर? 'वेधशाळेने पाऊस सांगितलाय, छत्री घरीच ठेव.' शिळा झाला हो हा विनोद.

कोरडवाहू : शहरात तो विनोद आहे. २००२ आठवा. अंदाज सरासरीच्या १०१ टक्के, पडला ८१. जुलैत तर देशभर निम्म्याच्या आसपास. आमचे वडील अजून नक्षत्राचं वाहन बघतात, बेडूक आहे की गाढव. त्यांना मी काय सांगू, मनोऱ्यावरचं घड्याळ बघा?

चौकातला : २००२ चं मान्य. पण पुढे काय झालं तेही सांगा की. शास्त्रज्ञ वसंत गोवारीकरांचं मोसमी पावसाच्या अंदाजाचं १६ घटकांचं प्रारूप १९८८ पासून वापरात होतं, ते त्या फटक्यानंतर बदललं. गाढवावर पाऊस आला नाही म्हणून पंचांगवाल्यांनी रीत बदलल्याचं ऐकलंय कधी?

साडेआठ : दोघंही अंदाजावरच भांडताय. वेधशाळेचं निम्मं काम मोजण्याचं असतं. झडपांची पांढरी लाकडी पेटी असते ना, उन्हापासून आडोसा आणि हवा मात्र खेळती, तिच्यात तापमापक. पेपरातला 'गेल्या २४ तासांतला पाऊस' सकाळी साडेआठला मोजलेला असतो, रविवार असो की दिवाळी. (माझं टोपणनाव त्यावरूनच.) या नोंदी नसत्या तर अंदाज चुकला हे तरी कशावरून ठरवलं असतं? आणि कोरडवाहू, शेतीसाठीचा हवामान विभागही पुण्यातच सुरू झाला, १९३२ ला.

कोरडवाहू : मोजण्यावरच या मग. पर्जन्यमापक आमच्या महसूल मंडळाच्या गावाला, माझं रान तिथून अकरा किलोमीटर. तिथे बावीस मिलिमीटर लागतो आणि माझ्या बांधावर फुफाटा. पीकविम्याचं गणित मात्र त्या बाविसावर. साडेआठला मोजा नाहीतर साडेनऊला, माझ्या रानातलं कोण मोजणार?

साडेआठ : हा मुद्दा बिनतोड आहे. पण त्याचा अर्थ मापकं वाढवा असा होतो, वेधशाळा मोडीत काढा असा नाही.

कोरडवाहू : मोडीत काढा म्हटलंच नाही मी. कौतुक जरा हात राखून करा म्हटलं.

चौकातला : बरं. छत्रीचा विनोद तरीही शिळाच.