बडोदेकरांनी नर्मदेकडेही पाहावं

कच्छमध्ये नोंदलेल्या भूकंपांच्या यादीत धक्के वाढलेत म्हणजे मोठा भूकंप जवळ आलाय, असं अनुमान या चर्चेत कुणी काढलंय, ते पटत नाही. यंत्रं वाढली की पूर्वी निसटणारे बारीक धक्केही नोंदले जातात. शिवाय भूकंपाचं परिमाण (मॅग्निट्यूड, म्हणजे त्याच्या ताकदीचा आकडा) एकाने वाढलं की ऊर्जा सुमारे ३२ पट होते, त्यामुळे नुसती संख्या मोजून काय कळणार?

बडोद्याला जवळचा धोका नर्मदेच्या भ्रंशपट्ट्याचा, म्हणजे जमिनीखालच्या खडकांतल्या भेगांच्या पट्ट्याचा. २३ मार्च १९७० ला भरूचला ५.४ चा भूकंप झाला, त्याचा या चर्चेत कुणी उल्लेखच केला नाही. आणि आपण गाळाच्या जमिनीवर आहोत, तिथे हादरे जास्त जाणवतात. २००१ च्या कच्छच्या भूकंपात भूजपासून दोनशेहून अधिक किलोमीटरवरच्या अहमदाबादेत इमारती कोसळल्या, त्यांत खाली नुसते खांब आणि पार्किंग असलेल्या बऱ्याच होत्या. आमची सोसायटी तशीच आहे. खांब तपासून घ्या म्हणून मी सभेत मागे लागलोय.