राजारामपुरीत बेगलचं नवीन दुकान झालंय, दुपारच्या जेवणाला बाबांना घेऊन जाऊ का?

रंकाळ्याची_पोर:
मंडळी, आमच्या ऑफिसच्या मागच्या गल्लीत पंधरा दिवस झाले बेगलचं दुकान सुरू झालंय, जाता येता बघते, दुपारी कॉलेजच्या पोरांची गर्दी असते. बाबांचा महिन्याचा चेकअप असला की आम्ही दोघं बाहेरच जेवतो आणि दरवेळी तीच थाळी, ह्यावेळी तेच म्हणाले की काहीतरी नवीन खाऊया. पण वय एकाहत्तर, खालची कवळी आहे, आणि अंडंसुद्धा चालत नाही. एवढ्यानं पोट भरतं का, आणि त्यांना चावायला जमेल का? मी मागं एकदा पुण्यात खाल्लेला, तो नुसता भोक पाडलेला बन होता ओ, त्यामुळं खरा बेगल कसा असतो तेच मला माहीत नाही.

शाहूपुरीकर:
ताई परवाच जाऊन आलो. लय भारी आहे. क्रीम चीज म्हणजे आपला चक्का असतो ना तसंच घट्ट, पण गोड नाही, जरा खारट, त्यात त्यांनी आपली कांदा-लसूण चटणी कालवलीय आणि वर काकडी कांदा. तेवढं खाऊन संध्याकाळी सहापर्यंत मला भूक नव्हती. दिसायला लहान दिसतो पण हातात घेतला की वजन कळतं.

भट्टीवाला_भाऊ:
मी घरी चार वर्षं ब्रेड भाजतोय म्हणून सांगतो. बन आणि बेगल ह्यात फरक एकच, उकळणं. पीठ घट्ट मळायचं, कडी वळायची, बरेच जण रात्रभर फ्रीजमध्ये ठेवतात, आणि सकाळी भट्टीत जायच्या आधी उकळत्या पाण्यात एकेका बाजूनं अर्धा ते एक मिनिट सोडायची. पाण्यात माल्ट, म्हणजे मोड आणलेल्या जवाचा गोडसर अर्क, नाहीतर मध टाकतात. त्यानं वरचा थर तिथंच शिजून बसतो, मग भट्टीत तो पावासारखा फुगत नाही, वरून चकाकी येते आणि आतनं दाट, चिवट राहतो. हे उकळणं टाळून नुसती वाफ दिली की तुम्ही पुण्यात खाल्लात तसला बन होतो. मूळ पोलंडमधल्या ज्यू लोकांचा पदार्थ, क्राको शहरात १६१० सालच्या त्यांच्या समाजाच्या नियमांत ह्याचा उल्लेख आहे, तिथनं माणसं अमेरिकेला गेली आणि न्यूयॉर्कला हा नाष्ट्याला रुजला, जसा आपल्याकडं मिसळीबरोबर स्लाइस ब्रेड रुजला. दुकानात सरळ विचारा, उकळता का म्हणून. करत असतील तर कौतुकानं दाखवतील.

पंचगंगा_काठ:
अंड्याचं मात्र नीट विचारून घ्या ताई. न्यूयॉर्क पद्धतीच्या साध्या बेगलच्या पिठात अंडं नसतं, कॅनडातल्या माँट्रियल पद्धतीच्या पिठात असतं, आणि काहीजण तीळ चिकटावेत म्हणून वरनं अंड्याचा पांढरा फासतात, ते कुणी आपणहून सांगत नाही. माझ्या सासूबाईंनाही कवळी आहे. त्यांना मी टोस्ट करू देत नाही, टोस्ट केला की कड टोचते. ताजा, कोमट मागायचा, आडवा उघडून चार तुकडे करून घ्यायचे आणि वर चीज लावून एकेक तुकडा. सकाळचा उरलेला दुपारी देत असतील तर नको, शिळा बेगल फार लवकर कडक होतो.

रंकाळ्याची_पोर:
सगळ्यांचे मनापासून आभार, आज जाऊन आलो. काउंटरवरच्या मुलीला उकळता का म्हणून विचारलं तर तिनं बाबांना थेट आत बोलावलं, मोठ्या पातेल्यात सहा कड्या तरंगत होत्या, झाऱ्यानं उलटवत होती, पाणी मधामुळं जरा तांबूस दिसत होतं. अंडं कशातच नाही म्हणाली, तीळ उकळल्याबरोबर ओल्यावरच लावतात. बाबांनी तिळाचा घेतला, चार तुकडे, चटणीचं चीज. पहिला तुकडा बराच वेळ चघळत बसले, मला वाटलं जमेना, पाणी पुढं केलं तर हातानंच थांब म्हणाले. मग म्हणाले, लहानपणी गंगावेशीत धारोष्ण दूध प्यायला जायचो, येताना बेकरीतली गरम कडक पोळी अशीच चावत यायचो. चारही तुकडे संपवले आणि एक आईसाठी बांधून घेतला. पुढच्या महिन्याच्या चेकअपची तारीख त्यांनी स्वतःच कॅलेंडरवर लिहिलीय.

शाहूपुरीकर:
वाचून लय बरं वाटलं ताई. पुढच्या वेळी काकांना लसणाचा द्या, तो अकरापर्यंतच असतो.