एफईएसाठी (वस्तूचे छोटे तुकडे करून तिच्यावरचा ताण कॉम्प्युटरवर काढण्यासाठी) पैसे ग्राफिक्स कार्डात घालायचे की रॅममध्ये?

कृष्णाकाठ (सांगली): कुपवाड एमआयडीसीत पंप केसिंगचं ॲनालिसिस करतो. दहा नोडचे (बिंदूंचे) टेट्रा, म्हणजे चार पृष्ठांचे तुकडे (एलिमेंट), एकूण 10 लाख नोड, मशीनला 32 जीबी रॅम. संध्याकाळी रन लावला की सकाळी उत्तर. माझं मत स्पष्ट आहे: 12 जीबीचं आरटीएक्स 3060 ग्राफिक्स कार्ड घ्यावं आणि इटरेटिव्ह सॉल्व्हर (फेऱ्या मारत उत्तराजवळ जाणारा) वापरावा.

शाहूपुरी (सातारा): अजिबात पटत नाही. हे गेमिंग कार्ड डबल प्रिसिजनमध्ये (8 बाइटचे आकडे) सिंगलच्या (4 बाइटचे) 1/64 वेगानं चालतं. तेच पैसे रॅममध्ये घाला. डायरेक्ट सॉल्व्हरची (मॅट्रिक्सचे फॅक्टर, म्हणजे सोडवायला सोपे भाग, पाडून थेट उत्तर काढणारा) रॅम न पुरल्यानं होणारी डिस्कवरची ये-जा थांबली की तुमची रात्र वाचेल.

कृष्णाकाठ: 1/64 खरं आहे, पण अडतं तिथं नाही. कॉन्ज्युगेट ग्रेडियंटचा (माझ्या इटरेटिव्ह पद्धतीचा) बहुतेक वेळ मॅट्रिक्स (समीकरणांच्या आकड्यांचा तक्ता) आणि व्हेक्टरच्या (आकड्यांची एक रांग) गुणाकारात जातो. मॅट्रिक्समधल्या दर आकड्याला 12 बाइट वाचायचे (8 किमतीचे, 4 कॉलम नंबरचे) आणि कामं दोनच, एक गुणाकार, एक बेरीज. कार्डाची मेमरी सेकंदाला 360 जीबी देते, म्हणजे 60 अब्ज क्रिया. 1/64 धरूनही कार्ड 200 अब्जांच्या आसपास करू शकतं. उपाशी राहतं ते मेमरीपायी! दोन चॅनेलची डीडीआर4-3200 रॅम तर 51 जीबीच देते. माझं मॅट्रिक्स 3 जीबीचं, आरामात मावतं.

शाहूपुरी: केसिंग भरीव आहे म्हणून हे जमतंय. मी कारखान्याच्या टाक्या करतो, 6 मिमी पत्रा. पत्रा ताणायला कडक, वाकायला मऊ. या तफावतीत तुमचं सॉल्व्हर हजारो फेऱ्या मारतं आणि तिथंच घुटमळतं. आयएलयू (अंदाजे फॅक्टर काढून फेऱ्या कमी करणारी युक्ती) लावावं, तर प्रत्येक ओळ आधीच्या ओळींची वाट बघते, कार्डाचे कोर नुसते बसून. आणि लोड केस (भाराचे वेगवेगळे प्रकार) बारा! डायरेक्टमध्ये फॅक्टर एकदाच काढायचे, पुढच्या अकरा केस मिनिटांत.

पाटणची लेक: दादा, भूकंपाचं गणित वेगळं आहे. कोयना धरण 103 मीटर उंच, 11 डिसेंबर 1967 च्या भूकंपात उतार बदलतो तिथं तडे गेले. एक्स्प्लिसिट पद्धतीत (वेळेचे बारीक टप्पे घेत पुढं जायचं) मोठं मॅट्रिक्स सोडवायचंच नसतं, एलिमेंटचे बल नोडवर जमा करायचे. शेजारचे दोन एलिमेंट एकाच वेळी एकाच नोडवर लिहायला गेले की बेरीज चुकते, म्हणून मी एलिमेंटना रंग देऊन एकेका रंगाची पाळी लावते. याला कार्डच हवं.

कृष्णाकाठ: शाहूपुरी, बारा लोड केसचा मुद्दा बिनतोड आहे. टाक्यांना रॅमच घ्या. केसिंगला मात्र मी कार्डच घेणार. तुमच्या एका टाकीची मेश (तुकड्यांची जाळी) पाठवता का? मल्टिग्रिड (जाड आणि बारीक जाळी आलटून पालटून वापरणारी पद्धत) लावून फेऱ्या किती लागतात ते इथंच टाकतो.