कबुगा सुटला म्हणायचं का?

बोरूबहाद्दर: रवांडाबद्दल वाचत होतो. 1994 मध्ये शंभरेक दिवसांत हुतू अतिरेक्यांनी आठ लाखांच्या आसपास माणसं मारली, बहुतेक तुत्सी. तुत्सींना झुरळं म्हणत लोकांना चिथावणाऱ्या रेडिओला पैसा पुरवल्याचा आरोप असलेला फेलिसियें कबुगा 26 वर्षं लपला, डोक्यावर 50 लाख डॉलरचं इनाम, आणि सापडला कुठे तर 2020 मध्ये पॅरिसजवळच्या एका फ्लॅटमध्ये! मग 2023 ला यूएनचं कोर्ट म्हणालं स्मृतिभ्रंश झालाय, खटला चालवता येणार नाही. मग एवढा खटाटोप कशाला?

सातबारा: कबुगाचं चीड आणणारंच आहे. पण म्हणून सगळंच फुकट गेलं असं नाही हो. टांझानियातल्या अरुशाला यूएनने रवांडासाठी बसवलेल्या ट्रायब्युनलने 1998 मध्ये रवांडातल्या ताबा गावचा महापौर अकायेसूला दोषी ठरवलं, नरसंहारासाठी आंतरराष्ट्रीय कोर्टाने दिलेली ती पहिलीच शिक्षा. आणि बलात्कार हे नरसंहाराचं हत्यार असू शकतं हेही तिथेच पहिल्यांदा मान्य झालं. गंमत म्हणजे मूळ आरोपपत्रात बलात्कार नव्हताच, एक बाई दुसऱ्याच गोष्टीची साक्ष देता देता बोलून गेली की माझ्या सहा वर्षांच्या पोरीवर अत्याचार झाला. तेव्हा बेंचवर एकच स्त्री होती, डर्बनच्या तमिळ कुटुंबातल्या नवी पिल्ले. नंतर आरोपपत्र बदललं.

काकडआरती: अरुशात वर्षानुवर्षं चालून शिक्षा झाल्या साठेक जणांना. इकडे रवांडाच्या तुरुंगांत लाखावर लोक कोंबलेले, म्हणून गावोगावी गचाचा नावाची लोकांची कोर्टं काढली. नाव गवतावरून, कारण पूर्वी गवतावर बसूनच तंटे मिटवायचे. आपल्या पारावरच्या पंचायतीसारखंच, फक्त इथे समोर बसलेला शेजारी तुमच्या भावाचा खुनी असायचा. पंच गावातलेच, वकील नाही. गुन्हा कबूल केला, प्रेत कुठे टाकलं ते सांगितलं की शिक्षा कमी. 2012 ला बंद होईपर्यंत 19 लाखांच्या वर केसेस, त्यातल्या बऱ्याच लुटालुटीच्या.

सातबारा: @काकडआरती त्यातच गोम आहे ना! वकील नाही, जुनी भांडणं काढून खोट्या तक्रारी, साक्षीदारांना धमक्या. आणि नंतर राष्ट्राध्यक्ष झालेल्या कागामेंच्या तुत्सी बंडखोर सैन्याने मारलेल्यांचं काय? ते गचाचासमोर आलंच नाही, तिथे सगळे चिडीचूप.

काकडआरती: मान्य. पण हाडं कुठे पुरलीत हे अरुशातले जज्ज सांगू शकले नसते, ते त्या शेजाऱ्यालाच माहीत. कित्येकांना तेवढंच हवं होतं, बाहेर काढून नीट दफन करायला.

बोरूबहाद्दर: हम्म. हे डोक्यात नव्हतं आलं. पण कबुगावरचा राग काही गेला नाही.