केमिकल टँकर बोरघाटातून दिवसा बंद करावेत का?

घाटमाथा: 13 जून 2023 ला एक्सप्रेसवेवर लोणावळ्याजवळ केमिकलचा टँकर उलटून पेटला, चार जण गेले, आणि त्यातले काही तर पुलाखालच्या रस्त्याने चालले होते, जळतं केमिकल वरून अंगावर पडलं. माझं मत स्पष्ट आहे, सकाळी सहा ते रात्री दहा असले टँकर घाटात नकोतच.

तळोजा ट्रान्सपोर्ट: अजिबात पटत नाही. दिवसभर ते टँकर उभे कुठे राहणार? कळंबोली-खोपोलीच्या ढाब्यांवर एकाला एक चिकटून, शेजारी शेगड्या पेटलेल्या. आणि पहाटे ड्रायव्हरला डुलकी लागते त्याचं काय? डिसेंबर 2024 मध्ये जयपूरजवळ भांक्रोट्याला यू-टर्न घेणाऱ्या एलपीजी टँकरला ट्रक धडकला, गॅस पसरून आगडोंब झाला, तो पहाटेच ना?

घाटमाथा: मग पार्किंगसाठी गावाबाहेर वेगळा तळ द्या की! घाटाच्या उतारावर डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रल करतात, मग सगळा भार ब्रेकवर येतो, हे तुम्हालाही माहितीये. त्यात टँकर अर्धवट भरलेला असला तर वळणावर आतलं लिक्विड एका बाजूला धावतं आणि गाडी कलंडते, तेव्हा आजूबाजूला बस आणि कार जितक्या कमी तितकं बरं.

केमिस्ट्रीवाली: वेळेवरून भांडताय, पण गळती झाल्यावर पुढे काय? टँकरवर यूएन नंबरची, म्हणजे आत कुठलं केमिकल आहे ते सांगणाऱ्या चार आकडी नंबरची पाटी असते, 1830 म्हणजे सल्फ्युरिक ॲसिड, 1230 म्हणजे मिथेनॉल. ॲसिडच्या टाकीत पाणी गेलं तर उकळून अंगावर उडतं. मिथेनॉलची ज्वाळा उन्हात धड दिसतसुद्धा नाही, आणि लोक मोबाईल घेऊन व्हिडिओ काढायला जवळ जातात, कुणी कॅन घेऊन भरायला! ड्रायव्हरकडे ट्रेम कार्ड, म्हणजे गळती किंवा आग झाली तर काय करायचं ते लिहिलेलं कार्ड, असणं नियमाने सक्तीचं आहे, पण ते केबिनमध्ये राहिलं आणि ड्रायव्हर बेशुद्ध असला तर वाचणार कोण? टोलनाक्यावरच्या आणि घाटातल्या गावांमधल्या पोरांना आधी ही पाटी वाचायला शिकवा.

घाटमाथा: शिकवा ना, नको कोण म्हणतंय? पण पुलाखालून दुचाकीवर जाणाऱ्याने कुठली पाटी वाचायची? बंदी पाहिजेच.

तळोजा ट्रान्सपोर्ट: ताईंचं शंभर टक्के बरोबर. पण बंदी घालून न्यूट्रल थांबणार नाही हो, रात्रीही तेच करतील. ट्रिपवर पैसे देणं बंद करा, महिन्याचा पगार द्या, लांबच्या फेरीला दुसरा ड्रायव्हर द्या. हा खर्च माल मागवणाऱ्या कंपन्यांनी भाड्यात धरायला हवा, कारण सगळ्यात कमी भाडं सांगणाऱ्यालाच त्या काम देतात.