दाजीपुरात लांडगा? फोटोतले ठसे कुणाचे ते सांगा

तांबडा_पांढरा:
मंडळी, घरात पैज लागलीय, तुम्हीच निकाल द्या. मागच्या रविवारी आम्ही चौघं गाईड घेऊन दाजीपूरला गेलो होतो. ठक्याच्या वाड्याच्या वाटेवर एका पाणवठ्याशेजारी चिखलात ठसे दिसले. फोटो १: चार बोटं, नखं उमटलेली. शेजारी काडेपेटी ठेवलीय, ठसा तिच्यापेक्षा किंचित लांब. असे दहा-बारा ठसे एकमेकांत मिसळलेले. फोटो २ तिथून शंभरेक पावलांवर, धुळीत: हुबेहूब माणसाचा अनवाणी पाय. मेहुणा म्हणतो, पहिला लांडगा आणि दुसरा कुणीतरी चप्पल हातात घेऊन गेलेला. गाईड नुसता हसला आणि 'चला पुढं' म्हणाला. हरेल त्यानं सगळ्यांना मिसळ द्यायची आहे. आणि एक, राष्ट्रीय उद्यानात ही जनावरं मोजतात कशी? वाघाला पट्टे असतात, लांडग्या-अस्वलाला काय?

माग_काढ्या:
मेहुण्याला पैसे काढून ठेवायला सांगा, दोन्ही चुकलेत.

आधी एक खोड काढतो. दाजीपूर म्हणजे राधानगरी अभयारण्य, गव्यांचं. आपल्याकडचं राष्ट्रीय उद्यान चांदोली, २००४ साली झालं आणि २०१० पासून कोयनेसह सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात आहे.

फोटो १ माझ्या मते कोळसुंदे, म्हणजे रानकुत्रे. लांडग्याचा ठसा याच्यापेक्षा बराच मोठा आणि लांबट असतो. पण मी मापावर फारसं जात नाही, ओल्या चिखलात ठसा पसरतो आणि कुत्र्याचा लांडगा होतो. मी चाल बघतो. लांडगा लांब पल्ल्याचा गडी, मागचा पाय पुढच्याच ठशात टाकत सुतासारखा सरळ जातो. गावचं कुत्रं दर दोन पावलांना काहीतरी हुंगायला वळतं. तुमच्या फोटोत टोळी पाण्यावर येऊन मुरडलीय. त्याहून मोठं कारण जागा. एवढा पाऊस आणि एवढं दाट रान ही लांडग्याची वस्तीच नव्हे. त्याला उघडा माळ लागतो.

वाटेच्या फाट्यावर एकाच ठिकाणी विष्ठेचे पुष्कळ ढीग होते का, आठवून बघा. कोळसुंद्यांची टोळी ठरलेल्या जागी बसते. केस आणि हाडाचे तुकडे असतील तर विषय संपला.

आता फोटो २. यात मी स्वतः तोंडावर पडलोय. बऱ्याच वर्षांपूर्वी बुद्धपौर्णिमेच्या पाणवठ्यावरच्या मोजणीला गेलो होतो. सकाळी मचाणावरून उतरलो तर वाटेत अनवाणी पायाचे ठसे. वाटलं, धनगरवाड्यातलं कुणीतरी दुधाची किटली घेऊन गेलं असेल. गप्पा मारत त्याच मागावर निघालो. चाळीस पावलांवर वनमजुरानं दंड धरून थांबवलं आणि काठीनं दाखवलं: पुढच्या पायाच्या बोटांपासून दोन बोटं पुढं पाच खोल भोकं. नखं! अस्वल. तिथून पुढच्या वळणावरचं वारूळ उकरलेलं होतं आणि माती अजून ओली होती. आम्ही आल्या वाटेनं गुपचूप मागं फिरलो.

अस्वलाचा मागचा पाय माणसासारखा दिसतो, पण बारीक बोट आतल्या बाजूला असतं, म्हणजे आपला अंगठा जिथं असतो तिथं. बोटं जवळपास सरळ रेषेत, आणि चालताना पाय आत वळलेले. तुमच्या फोटोत डावा-उजवा दोन्ही आहेत, मोठं करून बघा.

मोजणीचं म्हणाल तर पूर्वी वाघाचे ठसे काचेवर गिरवून घ्यायचे. राजस्थानातल्या सरिस्का प्रकल्पातले वाघ संपल्याचं उघड झालं, मग २००६ पासून कॅमेरा ट्रॅप, म्हणजे जनावर समोरून गेलं की आपोआप फोटो काढणारा कॅमेरा, आणि पट्टे. लांडग्याला तशी खूण नाही. अस्वलाच्या छातीवर पांढरा व्ही असतो, पण गुडघ्याएवढ्या उंचीच्या कॅमेऱ्यापुढून ते आडवं जातं, छाती दाखवायला थांबत नाही. म्हणून आकडा काढण्यापेक्षा कुठल्या भागात आहे, कुठं नाही याची नोंद ठेवतात. विष्ठेतून डीएनए काढता येतो. गळ्यात रेडिओ कॉलर, म्हणजे ठावठिकाणा कळवणारा पट्टा, घातली की रोजचा फिरण्याचा पल्ला कळतो, पण ते परवानगीवाल्या संशोधकांचं काम.

जतचा_माळ:
लांडगा बघायचाय तर आमच्या बाजूला या, जत, नाहीतर पलीकडं माण-खटाव. मेंढरं जिथं, तो तिथं. पण कुणाला विचारायचं? वाड्यावरच्या धनगर मामांना, ते रात्री कुत्री कुठल्या अंगाला भुंकली त्यावरून सांगतात. आणि कृपा करून लांडगा दिसला की ठिकाण टाकू नका. एकानं बिळाचा फोटो जागेसकट टाकला, आठवड्यात पाच गाड्या माळावर.

चंदगडी_काजू:
अस्वलाचा माग ताजा असेल तर काढूच नका. नजर अधू, कान यथातथाच, नाक तेवढं तिखट. वाऱ्याच्या उलट अंगानं गेलात की अगदी जवळ जाईपर्यंत त्याला पत्ता नसतो, आणि दचकलेलं अस्वल पळण्याआधी अंगावर येतं. पाठीवर पिल्लं असली तर बोलूच नका. आमच्याकडं फणस पिकला की पहाटे बागेत एकटं कुणी जात नाही. जाताना मोठ्यानं बोलत, नाहीतर डबा वाजवत.

तांबडा_पांढरा:
सगळ्यांचे आभार. विष्ठेचे ढीग होते की हो! आम्ही नाक दाबून ओलांडले, फोटो नाही. फोटो २ मोठा करून बघितला, बारीक बोट आतच आहे. मेहुणा तरी ऐकेना. शेवटी अंगणात रांगोळी पसरून त्यात स्वतःचा पाय उठवला आणि मोबाईल शेजारी धरून दहा मिनिटं बसला. मिसळ रविवारी. @माग_काढ्या काका, तुम्हीही या.

माग_काढ्या:
येतो. कट जास्त सांगून ठेवा.