राजा नसलेल्या समाजाला राजकीय व्यवस्था असते का?

प्रश्न : एम.ए.ची विद्यार्थिनी, आरमोरी

नमस्कार. फोर्टेस आणि इव्हान्स-प्रिचर्ड या मानवशास्त्रज्ञांनी १९४० साली संपादित केलेल्या 'आफ्रिकन पोलिटिकल सिस्टिम्स' या ग्रंथात आठ आफ्रिकी समाजांची दोन गटांत विभागणी आहे. झुलू किंवा बेम्बा यांच्याकडे राजा आणि अधिकारी होते, हे समजते. परंतु दक्षिण सुदानमधील गुरे पाळणाऱ्या नुएर लोकांकडे राजा नाही, न्यायालय नाही, पोलीस नाहीत. खुनाची शिक्षा देणाराच कोणी नसेल, तर तिथे केवळ भाऊबंदकी आहे, राजकारण नाही, असे का म्हणू नये?

उत्तर : निवृत्त प्राध्यापक, ब्रह्मपुरी

ताई, खुनानंतर काय होत असे, तेच बारकाईने पाहा. मारेकरी बिबळ्याचे कातडे पांघरणाऱ्या मध्यस्थाच्या घरी आश्रय घेई आणि तिथे त्याच्यावर हात उचलण्यास मृताचे भाऊबंद धजत नसत. मग हा मध्यस्थ दोन्ही कुळांत बोलणी करी व साधारण चाळीस-पन्नास गुरांची भरपाई ठरे. त्यातील काही गुरे देऊन मृताच्या नावाने लग्न लावले जाई, म्हणजे त्याचा वंश पुढे चालावा. मध्यस्थाजवळ हुकूम बजावणारी माणसे नव्हती. शापाची धमकी तेवढी होती. तरीही तडजोड होई, कारण एकाच गावात किंवा शेजारच्या गावांत राहणाऱ्यांना गुरे चारायची होती, सोयरिकी टिकवायच्या होत्या. अंतर वाढत गेले की मात्र भरपाई मिळणे अवघड होई आणि वैर पिढ्यान्‌पिढ्या चाले. दूरच्या शत्रूविरुद्ध तीच कुळे एकत्र येत. हिंसेला मर्यादा घालणारी आणि कोण कोणाच्या बाजूने उभा राहील हे ठरवणारी ही रचना मला पूर्णपणे राजकीय वाटते.

या अभ्यासामागची सत्ता मात्र विसरू नये. इव्हान्स-प्रिचर्ड १९३० मध्ये नुएर प्रदेशात गेले, ते ब्रिटिशांच्या ताब्यातील सुदान सरकारच्या विनंतीवरून, आणि त्याआधीच्या काही वर्षांत त्याच सरकारने नुएरांवर लष्करी कारवाई केली होती. त्यांच्या वर्णनात या दडपणाला फार थोडी जागा मिळाली, ही माझ्या मते त्या ग्रंथाची मोठी उणीव आहे.

उत्तर : ग्रामसभेचा कार्यकर्ता, धानोरा तालुका

सरांच्या शेवटच्या मुद्द्याला जोडून लिहितो. नायजेरियाच्या आग्नेय भागातील इग्बो गावांत बहुधा एकहाती राजा नसे. ज्येष्ठांच्या सभा, वयोगट आणि स्त्रियांच्या स्वतंत्र सभा मिळून कारभार पाहत. इंग्रजांना कारभार चालवायला एक माणूस हवा होता, म्हणून त्यांनी सनद देऊन प्रमुख नेमले. पुढे स्त्रियांवरही कर बसणार असे वाटल्यावर १९२९ साली हजारो स्त्रिया उठल्या, त्यांच्यावर गोळीबार झाला आणि पन्नासहून अधिक स्त्रिया मारल्या गेल्या. त्यानंतर ती पद्धत सरकारला बदलावी लागली.

आपल्याकडेही मालगुजारांना इंग्रजांनी गावाची मालकी दिली, तेव्हा महसुलासाठी एकच जबाबदार माणूस धरण्याचा हेतू होताच. पण इथला जमीनदारी इतिहास आणि जातिव्यवस्था वेगळी आहे, त्यामुळे साम्य तेवढ्यापुरतेच धरावे. आमच्या तालुक्यातील मेंढा (लेखा) येथे निर्णय सर्वसहमतीने होतात; तिथे एकाचाही विरोध असेल तर चर्चा पुढे चालू राहते. ते पाहिल्यावर, शिक्षा देणारा नसला की व्यवस्थाच नसते, हे मला पटत नाही.

विद्यार्थिनी, आरमोरी

दोघांचेही मनापासून आभार. मग सर्वसहमतीत किंवा नुएरांच्या तडजोडीत दुबळ्याचे काय होते?

निवृत्त प्राध्यापक, ब्रह्मपुरी

नुएर प्रदेशात प्रत्येक टोळीत एक वरचढ कुळ असे आणि शेजारच्या दिन्का समाजाच्या वंशाचे अनेक लोक त्यांच्यात दत्तक किंवा सोयरिकीने मिसळलेले असत. ज्याच्या मागे भांडायला भाऊबंद कमी, त्याची भरपाई वसूल होण्याची शक्यताही कमी. प्रबंधात कुळांच्या आकृत्या काढण्याआधी, गुरे प्रत्यक्षात कोणाला मिळाली आणि कोणाला मिळाली नाहीत, ते शोधा.